दोन अर्थांचा तह

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते नेमके कोणी सांगत नाही. सांगणारे एवढेच म्हणतात, की तेव्हा डोंगरात एक राज्य होते आणि समुद्राकाठी दुसरे. डोंगरात नाचणी, मध आणि साग. किनाऱ्यावर मीठ, मासळी आणि नारळ. दोहोंच्या मध्ये एक खिंड होती. त्या खिंडीपायी तीन पिढ्या दोन्हीकडची माणसे एकमेकांवर धावून जात होती. पहिला दगड कोणी मारला होता, हे आता कोणालाच आठवत नव्हते.

डोंगरात एक राजा होता, किनाऱ्यावर एक राणी. दोघेही लढून थकले. शेवटी खिंडीच्या माथ्यावर तंबू पडला आणि तहाची बोलणी सुरू झाली.

राजाची पत्रे लिहिणारा चिटणीस होता येसोबा, आणि राणीचा चिटणीस होता भानजी. हे दोघे जुने मित्र. लढाईच्या दिवसांतही कैद्यांच्या अदलाबदलीचे कागद लिहिताना त्यांची भेट व्हायची. मग एक मधाचा बुधला खाली जायचा आणि एक मिठाची पिशवी वर यायची.

सात दिवस बोलणी चालली. राजा म्हणे, "आमच्यावर कोणी चालून आलं, तर तुमची फौज आमच्याबरोबर लढायला आली पाहिजे." राणी म्हणे, "माझी माणसं नावाडी आणि कोळी. दुसऱ्याच्या लढाईत मरायला मी त्यांना पाठवणार नाही. पण आम्ही तुमच्यावर येणार नाही आणि आमच्या वाटेने कोणाला तुमच्यावर येऊ देणार नाही." येसोबा एक मसुदा लिही, राजा तो फाडी. भानजी दुसरा लिही, राणी तो परत पाठवी. आठव्या दिवशी तंबूतले तांदूळ संपले, आणि राजाने घोडा आणायला सांगितला.

तेव्हा येसोबाला एक शब्द सुचला. त्याने घाईघाईने लिहिले, 'संकटकाळी आम्ही एकमेकांच्या पाठीशी राहू.'

त्याने ते राजाला वाचून दाखवले. राजाचा चेहरा उजळला. "वा! पाठीशी म्हणजे खांद्याला खांदा लावून. हेच तर मी सात दिवस सांगतोय!"

भानजीने तेच राणीला वाचून दाखवले. राणीही प्रसन्न झाली. "बरोबर. पाठीशी म्हणजे पाठ राखायची, मागून कोणाला वार करू द्यायचा नाही. याहून जास्त मी कधी देऊच केलं नव्हतं."

दोघांनी शिक्के उमटवले. बाहेर ढोल वाजू लागले.

तंबूत दोघे चिटणीसच उरले. भानजी हळूच म्हणाला, "येसोबा, ऐकलंस ना? दोघांनी दोन गोष्टींवर शिक्का मारलाय. सांगायला हवं."

"आत्ता सांगितलंस तर उद्या पुन्हा तलवारी निघतील," येसोबा म्हणाला. "राहू दे. संकट येईलच असं कुठे आहे? आणि वेळ आलीच, तर तू आहेस ना माझ्याबरोबर?"

"आहे की. मी तुला एकटा पाडणार नाही," भानजी म्हणाला. दोघांनी हातात हात घेतले. त्या घडीला येसोबाला वाटले, आपण फार पुण्याचे काम केले.

आणि खरेच, अकरा वर्षे ते पुण्याचेच ठरले. मीठ वर गेले, नाचणी खाली आली. खिंडीत बाजार भरू लागला. डोंगरच्या मुली किनाऱ्यावर नांदायला गेल्या आणि पहिल्या वर्षी मासळीच्या वासाने नाक मुरडून दुसऱ्या वर्षी माहेरी सुकट घेऊन येऊ लागल्या. येसोबा ते कागदावरचे वाक्य जवळजवळ विसरून गेला.

बाराव्या वर्षी उत्तरेच्या पठारावरून मोठी फौज निघाल्याची बातमी आली.

राजाने राणीकडे स्वार धाडला, 'संकट आले आहे. वचनाप्रमाणे पाठीशी उभे राहा.' तिसऱ्या दिवशी उत्तर आले. दरबार भरला होता. राजाने ते उत्तर येसोबाच्या हाती दिले. येसोबाने मोठ्याने वाचले, "आम्ही वचन विसरलो नाही. आमची फौज खिंडीकडे निघाली आहे. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, निर्धास्त राहा."

दरबारात आनंदाचा गलका उठला. म्हातारे सरदारसुद्धा लहान मुलांसारखे हसले. राजा म्हणाला, "मग ठरलं तर. तीनशे जण उत्तरेच्या घाटावर जाऊ देत. दहा दिवस तग धरायचा. तोवर किनाऱ्याची फौज येऊन मिळेल."

येसोबाने कागद मनातल्या मनात पुन्हा वाचला. फौज निघाली आहे, पण कशासाठी? लढायला की पाठ राखायला? राणीने लिहिलेले शब्द अगदी साधे होते, आणि तरी त्याला ते कळेनात. कदाचित राणीचे मन पालटले असेल. कदाचित ती येईलही. आत्ता तोंड उघडले आणि आपली शंका खोटी निघाली तर? आणि खरी निघाली तर? एवढ्या हसऱ्या चेहऱ्यांकडे बघून त्याने कागदाची घडी केली. तो गप्प बसला.

घाटावर गेलेल्या तीनशे जणांत त्याचा मुलगा केरोबाही होता.

एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. किनाऱ्याची फौज आली नाही. पाचव्या दिवशी हेर आले. ते म्हणाले, "महाराज, फौज खिंडीच्या पायथ्याशी येऊन थांबलीय. तळ ठोकलाय. वर चढतच नाही."

राजा बुचकळ्यात पडला. "थांबलीय? कशाला?"

कोणी म्हणाले, वाट चुकले असतील. कोणी म्हणाले, मुहूर्त बघत असतील. मग एक सरदार हलक्या आवाजात म्हणाला, "महाराज, आपण उत्तरेला गुंतलो की खालून चढून येण्याचा तर बेत नसेल?"

एवढे ऐकले आणि सगळ्यांची तोंडे उतरली. राजा उठून फेऱ्या घालू लागला. "घाटावरची निम्मी माणसं काढून खिंडीवर लावतो. शत्रू समोर आहे की मागे, हेच मला कळत नाहीये! येसोबा, तहनामा तू लिहिलास. सांग, त्यात काय लिहिलंय?"

येसोबाने तहनामा उघडला. त्याने ते वाक्य राजाच्या मनाने वाचले, तेव्हा राणी खोटी वाटली. राणीच्या मनाने वाचले, तेव्हा राजाची मागणीच खोटी वाटली. तिसऱ्यांदा वाचले, तेव्हा आपण काय लिहिले होते तेच त्याला समजेना.

"महाराज," तो कसाबसा म्हणाला, "मला दोन दिवस द्या. मी खाली जाऊन विचारून येतो. तोवर घाटावरची माणसं हलवू नका."

तो तडक निघाला. खिंड उतरून पायथ्याशी आला, तर समोर किनाऱ्याची फौज. पण ती डोंगराकडे बघतच नव्हती. सगळे भालेकरी डोंगराकडे पाठ करून दक्षिणेच्या रस्त्यावर डोळे लावून उभे होते. बाजूला चार ताज्या चिता विझत होत्या.

त्यांचा नाईक पुढे आला. येसोबाचा डोंगरी फेटा पाहून त्याने रामराम घातला. "परवा शत्रूची एक टोळी डोंगराला वळसा घालून या वाटेने तुमच्यावर चालून येत होती. आम्ही परतवली. चार गडी गेले आमचे. पण तुमच्या राजाला सांगा, इकडची काळजी नको. वचन म्हणजे वचन."

येसोबाने चितांना हात जोडले. इतका वेळ त्याला वाटत होते, की दोघांपैकी कोणीतरी एक खोटा निघेल आणि मग सगळे उलगडेल. इथे तर माणसे वचनासाठी मेली होती. तिथे घाटावर माणसे त्याच वचनाच्या भरवशावर मरत होती. मग खोटे कोण बोलले?

दुसऱ्या दिवशी तो बंदराच्या गावी भानजीच्या दारात पोचला. भानजीने त्याला पाणी दिले. येसोबाने सगळे सांगितले आणि म्हणाला, "ऊठ. आपण दोघं राणीसाहेबांपुढे जाऊ. तू वचन दिलं होतंस, मला एकटा पाडणार नाहीस म्हणून."

भानजीने हातातला तांब्या खाली ठेवला. "पण मी ते पाळलंय, येसोबा. अकरा वर्षं एका शब्दाने कोणाला काही बोललो नाही. बायकोलासुद्धा नाही. मला वाटलं, तू हेच मागितलं होतंस. मी गप्प राहावं म्हणून."

"मी? मी तर तुला बरोबर उभं राहायला सांगितलं होतं!"

"तसं कुठे म्हणाला होतास?"

येसोबाने आठवून पाहिले. त्याला आठवेना. दोन राज्यांची गत सोडाच, इथे दोन माणसांचेच एका वचनाचे दोन अर्थ निघाले होते. भानजी उठला, उंबऱ्यापर्यंत आला, आणि तिथेच थांबला. त्याचे पाय पुढे पडेनात.

येसोबा एकटाच राणीपुढे गेला. त्याने काही लपवले नाही. तंबूतले वाक्य, दोन अर्थ, आपले गप्प बसणे, दरबारात वाचलेले उत्तर, सगळे सांगून टाकले.

राणीने शांतपणे ऐकले. मग तिने एकच प्रश्न विचारला, "म्हणजे तुमची माणसं आत्ता घाटावर आमची वाट बघत उभी आहेत?"

"होय, राणीसाहेब. तीनशे. आज सहावा दिवस."

राणीने डोळे मिटले. "मी फौज देणार नाही. तेव्हा देऊ केली नव्हती, आजही देणार नाही. दक्षिणेचा रस्ता मोकळा सोडला, तर तुम्हीही बुडाल आणि आम्हीही. पण माझ्या शिक्क्याच्या भरवशावर कोणी मरत असेल, तर त्याला खरं कळायलाच हवं. तुमच्या राजाला जाऊन सांगा, आम्ही लढायला येणार नाही. त्यांनी आपली बायकापोरं, म्हातारी माणसं, जखमी, सगळ्यांना खाली आणावं. खिंड उघडी आहे. आमच्या घरात जे शिजेल ते त्यांच्या ताटात पडेल. आता मी काय म्हणाले, ते परत सांगा."

येसोबाने शब्दन् शब्द परत सांगितला. राणीने आपला घोडा त्याला दिला.

सातव्या दिवशी येसोबा राजापुढे उभा राहिला आणि तीच कबुली त्याने पुन्हा दिली. राजाचा हात तलवारीकडे गेला. त्याने तो मागे घेतला. मग म्हणाला, "तुझ्या शिक्षेचं नंतर बघू. ज्यांना मी दहा दिवस थांबायला सांगितलंय, त्यांना आता तू जाऊन सांग. दुसरा कोणी जाणार नाही."

आठव्या दिवशी दुपारी येसोबा घाटावर पोचला. तीनशेपैकी एकशे सत्तर उरले होते. घाटाच्या तोंडाशी त्यांनी झाडे तोडून आडवी टाकली होती आणि त्यांच्या आडून ते लढत होते. केरोबा एका खडकाला टेकून बसला होता. त्याच्या डाव्या हाताला फडके बांधले होते.

"आबा! आले का ते?"

"नाही, बाळा. ते येणार नाहीत."

"वाटेत असतील ना?"

"वाटेतही नाहीत. ते येणारच नव्हते. त्यांनी तसं वचनच दिलं नव्हतं."

केरोबाला काही उमजेना. "मग तुम्ही दरबारात जे वाचलंत, ते?"

"मी वाचलं, ते त्यांनी लिहिलं होतं. पण आपल्याला जे ऐकू आलं, ते त्यांनी लिहिलं नव्हतं."

"आणि तुम्हाला हे ठाऊक होतं?"

येसोबाने मान खाली घातली. "शंका होती. मी बोललो नाही."

केरोबा ओरडला असता, तर येसोबाला बरे वाटले असते. पण तो ओरडला नाही. तो म्हणाला, "परवा आमचा लिंबाजी पडला. पडल्यावरसुद्धा सगळ्यांना सांगत होता, 'आणखी दोन दिवस काढा रे, किनाऱ्याचे येतायत.'" मग तो उजव्या हाताचा आधार घेऊन उठला आणि बाकीच्यांना हाक मारून म्हणाला, "चला, आवरा. निघायचंय. कोणी येत नाहीये."

त्याच रात्री अंधारात ते घाट सोडून निघाले. तोवर राजाने गावे रिकामी करण्याचा हुकूम दिला होता. गावोगावची माणसे गुरे, कणग्या, देव्हाऱ्यातले देव घेऊन खिंडीतून खाली उतरली. नाईकाच्या भालेकऱ्यांनी बाजूला होऊन वाट दिली आणि म्हाताऱ्यांची गाठोडी उचलली. किनाऱ्याच्या घराघरांत डोंगरची माणसे राहिली. भानजीच्या घरात अकरा जण होते, त्यांत केरोबाही. भानजी रोज स्वतः त्याच्या जखमेवर लेप लावी. एकदा तो येसोबाला म्हणाला, "त्या दिवशी मी उंबऱ्यावर थांबलो. मला भीती वाटली, एवढंच खरं. बाकीचं मी आपल्या समजुतीसाठी बोललो." येसोबा म्हणाला, "मीही त्या दिवशी तुझ्याकडे नेमकं काय मागितलं, ते मला अजून आठवत नाही." दोघांना एकमेकांवर रागावायचे होते, पण नेमके कशाबद्दल ते ठरवता येईना.

पठारावरच्या फौजेला डोंगरात रिकामी घरे आणि रिकाम्या कणग्या सापडल्या. चिडून त्यांनी सतरा गावे जाळली. पुढे पाऊस तोंडावर आला, दाणापाणी संपले, आणि घाट बंद होण्याआधी ते परत गेले. डोंगरची माणसे आपापल्या जळक्या गावांत परतली.

राजा आणि राणी नव्या तहासाठी पुन्हा भेटले. राजाने येसोबाला बोलावून घेतले. "तुझी शिक्षा ही, की हा तहही तूच लिहायचास. आणि या वेळी गावोगाव जाऊन तूच तो लोकांना समजावायचास."

येसोबाने हात जोडले. "मग माझी एक अट आहे, महाराज. मी प्रत्येक वाक्य वाचीन आणि ऐकणाऱ्याने ते स्वतःच्या शब्दांत मला परत सांगायचं. दोघांचं एक आलं, तरच शाई वाळू द्यायची."

राजा म्हणाला, "लिही, संकटकाळी होईल ती मदत करू."

येसोबाने बोरू खाली ठेवला. "होईल ती म्हणजे किती? होईल की नाही, हे ठरवणार कोण?"

राजा वैतागला. शेवटी राणी म्हणाली, "मीच सरळ बोलते. लिहा, आम्ही तुमच्यासाठी लढायला येणार नाही."

पूर्वीच्या त्या सात दिवसांत दोन्ही चिटणीस याच एका वाक्याभोवती घुटमळत राहिले होते. राजाला ते आवडले नाही. पण या वेळी त्याने घोडा मागवला नाही. "लिही," तो म्हणाला.

तहनामा चार वाक्यांचा झाला. आम्ही तुमच्यासाठी लढायला येणार नाही. आम्ही तुमच्यावर चालून येणार नाही. आमच्या वाटेने कोणाला तुमच्यावर येऊ देणार नाही. तुमची माणसे खाली आली, तर त्यांना घर आणि अन्न देऊ. डोंगरच्या राजानेही किनाऱ्याला हीच चार वचने दिली.

येसोबा तो कागद घेऊन गावोगाव फिरला. लिंबाजीच्या गावी लिंबाजीची आई जळक्या घराच्या ओट्यावर बसली होती. तिने चारही वाक्ये नीट ऐकून घेतली.

"काय समजलीस, आई?" येसोबाने विचारले.

"समजायचं काय त्यात? लढायला कोणी येणार नाही. म्हणजे आमचा घाट आम्हालाच राखायचा."

"होय."

"हे आधी सांगितलं असतंत, तर आम्ही तेव्हाच तिथं भिंत घातली असती. अकरा वर्षं हाताशी होती."

येसोबा तिच्यासमोर जमिनीवर बसला. मग म्हातारी उठली, तिने पदर खोचला आणि घराच्या पडक्या जोत्यातला एक घडीव दगड तिने त्याच्यापुढे ठेवला. "घाटाकडे जाल ना? मग हा घेऊन जा."

त्या वर्षी डोंगरच्या प्रत्येक घरातून घाटावर दगड गेला. दोन वर्षांत तिथे दोन पुरुष उंचीची भिंत उभी राहिली. येसोबानेही तिच्यावर दगड वाहिले, आणि पलीकडच्या टोकाला केरोबा एका हाताने चुना कालवत होता. पाचव्या वर्षी पठारावरची फौज पुन्हा आली. तिने भिंत पाहिली, दक्षिणेला वळून पाहिले तर तिथे किनाऱ्याचे भालेकरी, आणि ती आल्या वाटेने परत गेली. त्या दिवशी डोंगरातला एकही माणूस कोणाची वाट बघत मेला नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: दोन अर्थांच्या गोड वचनापेक्षा एका अर्थाचा कडू नकार बरा, नकार ऐकून माणूस निदान आपली भिंत तरी बांधतो.